जागा राहिलेला चेहरा

माझ्या धाकट्या बहिणीचा राक्षस पसंत पडला त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. इतक्या जोरात की शेजारी उभा असलेला ध्वनिमुद्रक दचकून बाजूला सरकला. तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर, दुसऱ्यांच्या तोंडावर काय वाटेल ते चढवणाऱ्या बाईला स्वतःच्या तोंडावर एक हसू चढवता येऊ नये?

आम्ही दोघी बहिणी सिनेमात रंगभूषा करतो. लाली-पावडरवाल्या नव्हे. जखमा, भाजलेली कातडी, कापलेले हात, म्हातारपण आणि राक्षस, हे आमचं काम. वडिलांचंही हेच होतं. त्यांनी दोघींना शिकवलं. मला आधी, तिला नंतर आणि, माझ्या मते, जास्त.

या वेळचा सिनेमा युद्धाचा आणि भीतीचा असा दुहेरी होता. आघाडीजवळच्या एका इस्पितळाच्या तळघरात एक माथेफिरू डॉक्टर मेलेल्या सैनिकांचे तुकडे एकमेकांना शिवतो आणि कधीच न मरणारे सैनिक बनवू पाहतो. असे एकूण नऊ. त्यांतले सात नुसते मागे उभे राहून गुरगुरणारे. आठवा ‘देखणा’. तो डॉक्टरला नीट साधलेला, त्याच्या अंगावर टाकासुद्धा दिसत नाही. आणि एक ‘पहिला’. हा सगळ्यांच्या आधी बनवलेला, वेडावाकडा, डॉक्टरचा हात बसायच्या आधीचा. देखणा तयार झाल्यावर डॉक्टर पहिल्याकडे ढुंकून बघत नाही. मग पहिला काय करतो, तोच सगळा सिनेमा.

आमचा दिग्दर्शक सेटवर युद्धातली पोलादी टोपी घालूनच वावरायचा, म्हणून आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं, “मला पहिल्याच्या तोंडावर राग नकोय. राग काय, कुणालाही येतो. डॉक्टर देखण्याच्या केसांतून हात फिरवतो आणि हा कोपऱ्यातून बघतो. तेव्हा त्याच्या तोंडावर जे असेल ना, ते मला पाहिजे. तुम्ही दोघी एकेक नमुना करून आणा. जिचा जमेल तिचा पहिला. दुसरीने बाकीचे सात करायचे.”

देखण्याला मुखवटा लागणारच नव्हता. म्हणजे एकीला सिनेमातला मुख्य राक्षस, आणि दुसरीला गुरगुरणारी पलटण.

मी अकरा दिवस खपले. एक डोळा खाली ओघळलेला, गालावर सात टाके, ओठ अर्धा फाटलेला. टोपीवाल्याने माझ्या नमुन्याभोवती दोन चकरा मारल्या. “भीती वाटते,” तो म्हणाला. मी खूश. “पण आत काही होत नाही,” तो म्हणाला.

मग धाकटीने तिच्या नमुन्यावरचं ओलं फडकं काढलं. टाके तीनच. डोळे जागच्या जागी. पण भुवया आतून कुणी दोरीने ओढाव्यात तशा जवळ आलेल्या, जबडा आवळलेला, आणि ओठाचा डावा कोपरा किंचित खाली गेलेला. रडू येत असताना न रडण्याचं ठरवलेल्या माणसाचा जातो तसा. टोपीवाला खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. आम्ही त्याचं टक्कल पहिल्यांदाच बघत होतो.

“कुठून आणलंस हे?” त्याने विचारलं.

“असंच,” धाकटी म्हणाली आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून लगेच खाली बघू लागली.

तेव्हाच मी टाळ्या वाजवल्या.

आता जरा वडिलांबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी उगाच जळते.

माणसाच्या चेहऱ्यावर बसेल असा मुखवटा करायचा तर आधी त्या माणसाच्या तोंडाचा साचा घ्यावा लागतो. चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडायचं, श्वासासाठी नाकात दोन नळ्या द्यायच्या आणि सगळ्या तोंडावर ओलं प्लास्टर थापायचं. पाऊण तास माणसाने मेल्यासारखं पडून राहायचं. मग त्या साच्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचं डोकं तयार. त्या डोक्यावर मातीने राक्षस घडवायचा, त्याचा साचा काढायचा, माती खरवडून टाकायची आणि मधल्या जागेत रबर भरून भट्टीत भाजायचं. त्यामुळे मुखवटा बाहेरून राक्षस असला तरी आतून अगदी त्याच माणसाच्या तोंडाचा असतो.

बाबांचा एकच नियम होता. साचा घेताना चेहरा झोपलेला हवा. कपाळावर आठी पडली, दात आवळले गेले की साचा वाया. त्यांच्या खोलीत एका लांब फळीवर डोकी ओळीने मांडलेली असत आणि फळीखाली खिळ्याला हातोडी टांगलेली असे. वाया गेलेलं डोकं बाबा त्याच दिवशी फोडायचे. “चुकीचं डोकं घरात ठेवलं की चुकीचा मुखवटा होतो,” म्हणायचे.

धाकटीने पहिला साचा घेतला तो माझ्या तोंडाचा. मी बावीस वर्षांची, ती चौदाची. मी प्लास्टरखाली आडवी. डोळे बंद, तोंड बंद, कानांत कापूस. पण कापसातूनही ऐकू येतं. बाबा म्हणाले, “काय हात आहे गं तुझा! इतका हलका हात माझाही नव्हता.” चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबत होते. चार वर्षांत मला त्यांनी ‘ठीक आहे’च्या वरचा एक शब्द दिला नव्हता. उठून जावं म्हटलं तर तोंडावर शेरभर प्लास्टर. मी तशीच पडून राहिले.

साचा उघडला, डोकं ओतलं, आणि बाबा म्हणाले, “वाया गेलं. थोरलीचा चेहरा झोपला नाही.” म्हणजे धाकटीचा हात हलका आणि चूक माझी. मी तिथून निघून गेले. जाताना मागे हातोडीचा आवाज आल्याचं मला स्वच्छ आठवतं.

बाबा गेले तेव्हा त्यांची फळी, सगळ्या डोक्यांसकट, धाकटीकडे गेली. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. मला काय मिळालं? हातोडी. मी ती माझ्या कामाच्या पेटीत ठेवली आहे. खिळे ठोकायला बरी पडते.

तर आता पहिला. पहिल्याची भूमिका करणारा नट ताडमाड उंच होता. सेटवर सगळे त्याला जिराफ म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. जिराफाच्या तोंडाचा साचा मीच काढला होता, त्यामुळे त्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, गालांची हाडं, सगळं माझ्या बोटांना पाठ होतं. नमुना पसंत झाल्यावर आठवड्याने मी धाकटीच्या टेबलाशेजारून गेले. तिने मातीवर साचा चढवायला घेतला होता. एका नजरेत मला कळलं की डोळ्यांतलं अंतर कमी आहे. गाल अरुंद आहेत. हा चेहरा जिराफाच्या डोक्यावर घडवलेलाच नाही.

असं आमच्यात कधीकधी होतं. हाताला सापडेल त्या डोक्यावर नमुना करायचा, आणि पसंत पडला की तोच नटाच्या डोक्यावर पुन्हा घडवायचा. तिने तो पुन्हा घडवलाच नव्हता. नमुन्यावरूनच मुखवटा ओतणार होती.

“झालं का गं सगळं?” मी विचारलं.

“होत आलंय. ताई, तुला ठीक वाटतंय ना?”

तिने सरळ विचारलं होतं. मी सरळ सांगू शकले असते.

“छान झालंय की,” मी म्हणाले, आणि माझ्या गुरगुरणाऱ्या पलटणीकडे परत गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी माझा नाकारलेला पहिला कपाटातून काढला, जिराफाच्या डोक्यावर नीट बसवला, ओघळलेला डोळा थोडा वर घेतला, एक टाका कमी केला, रबर ओतलं आणि भाजून काढला. का? असंच. लागला तर असावा म्हणून. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तो एका खोक्यात घालून, वर टॉवेल टाकून मी सेटवर नेला. इतकी हलकी पावलं माझी कितीतरी वर्षांत पडली नव्हती.

जिराफ खुर्चीत बसला. धाकटीने त्याच्या कपाळाला डिंक लावला, मुखवटा चढवला आणि कडा दाबायला लागली. कपाळ बसलं, तर हनुवटी सुटली. हनुवटी बसवली, तर डोळ्यांची भोकं आत सरकली आणि जिराफ म्हणाला, “मला फक्त स्वतःचं नाक दिसतंय.” तिने गाल ताणले. चेहऱ्यावरचं ते सगळं, ती भुवयांची ओढ, तो ओठाचा कोपरा, इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. आता तो राक्षस दाढ दुखणाऱ्या कारकुनासारखा दिसत होता.

टोपीवाला आला. बघितलं. त्याची टोपी पार भुवयांपर्यंत खाली आली.

“हा तो नाहीये.”

“रबर ताणून बसेल असं वाटलं होतं,” धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू येत नसावा.

“वाटलं होतं? साठ माणसं उभी आहेत बाहेर! तळघराचा सेट आज संध्याकाळी पाडायचाय!” मग तो माझ्याकडे वळला. “ताई, तुमच्याकडे काही आहे?”

माझ्याकडे होतं. पायाशीच होतं, टॉवेलखाली. नुसतं वाकायचं होतं.

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला जे सुख झालं, तसं लग्नातही झालं नव्हतं. धाकटी ओठ चावत जिराफाच्या तोंडावरून मुखवटा सोडवत होती, आणि साठ माणसं माझ्याकडे बघत होती. घाई काय आहे, असं मनाशी म्हणत मी आधी तिच्या हातातून तो मुखवटा घेतला. नेमकं कुठे चुकलं ते सगळ्यांसमोर दाखवावं म्हणून तो उलटा केला, आणि आत बघितलं.

आत एक चेहरा होता. जिराफाचा नव्हता, पण ओळखीचा होता. डाव्या भुवईत एक छोटा खळगा. आठ वर्षांची असताना मी भट्टीच्या कोपऱ्यावर आपटले होते, तो. हनुवटीवरचा तीळ. आवळलेला जबडा, खाली गेलेला ओठ. माझा हात आपोआप माझ्या भुवईकडे गेला.

“कुठलं डोकं घेतलंस?” मी विचारलं.

ती डिंकाच्या बाटलीचं झाकण लावायला लागली.

“अगं, मी विचारतेय. कुठलं डोकं?”

“फळीवरचं. शेवटचं.” मग एकदम धरण फुटल्यासारखी बोलायला लागली. “मी जिराफाच्या डोक्यावर तीनदा करून बघितलं गं ताई. तिन्ही वेळा मेलं. वरची माती मी फक्त बोटाच्या पेराएवढी लावली होती, जे काही होतं ते सगळं खालून येत होतं. ते दुसऱ्या डोक्यावर नेताच येईना. तुला सांगणार तरी कसं होते मी?”

सांगणार कसं! सिनेमातल्या हावऱ्या, टाके घातलेल्या, कोपऱ्यात उभं राहून जळणाऱ्या प्रेतासाठी तिला माझं तोंड सुचलं होतं. आणि माझ्या अकरा दिवसांच्या राक्षसापेक्षा, सव्वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या वाया गेलेल्या पाऊण तासात जास्त दम होता. कशाकशावर चिडावं तेच कळेना. मी पहिल्याचं तोंड बाहेर शोधत बसले होते, आणि ते सगळ्यांना माझ्यावर दिसत होतं.

“ताई,” टोपीवाला म्हणाला, “आहे का नाही काही?”

मी खोक्याकडे बघितलं. मुखवट्याकडे बघितलं. माझा पहिला चांगला होता. नीट बसला असता. चित्रीकरण वेळेवर झालं असतं, नाव माझं लागलं असतं, आणि सिनेमा बघताना आत काही झालं नसतं. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

“नाही,” मी म्हणाले. “पण हा मला बसेल.”

“तुम्हाला?”

“जवळून घ्यायचाय ना? नुसतं तोंड? उंचीचं काय ते खोक्यांवर उभं राहून बघू.”

मी उदार झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. माझा चेहरा होता तो. जिराफाच्या तोंडावर ताणून त्याचा कारकून करायला मी कुणाला देणार नव्हते.

मी खुर्चीत बसले. धाकटीने माझ्या तोंडाला डिंक लावला. बोटं तिची, काय सांगू, पिसासारखी फिरत होती. मुखवटा चढला तो हातमोजा चढावा तसा. गालावर जरा घट्ट झाला. तेवढं मांस सव्वीस वर्षांत कुणाच्याही अंगावर चढतं. हाडं तीच होती.

दारूगोळ्याच्या तीन रिकाम्या खोक्यांवर मला उभं केलं. वर जिराफाचा रक्ताळलेला लष्करी कोट. समोर डॉक्टर झालेला नट आणि खुर्चीत बसलेला देखणा. त्यांच्या मागे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे माझी बहीण.

“काही करायचं नाही,” टोपीवाला म्हणाला. “नुसतं बघायचं.”

डॉक्टर देखण्याच्या केसांतून हात फिरवायला लागला. बरा नट होता. पण मला त्याचं काही वाटेना. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागे टोपीवाल्याने डोळे न हलवता हात लांब केला आणि धाकटीच्या पाठीवर थोपटलं. दोनदा. कानांवर रबर होतं, तरी कापसातून ऐकलेलं ते वाक्य मला पुन्हा शब्दन्‌शब्द ऐकू आलं. काय हात आहे गं तुझा.

मी बघत राहिले. बाकी काही केलं नाही. भुवया, ओठ, जबडा यांचं काम आधीच झालेलं होतं, मला फक्त डोळे द्यायचे होते. ते दिले.

‘कट’ कुणी म्हणेच ना. मग जिराफच कुठूनतरी म्हणाला, “बाप रे.”

दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न कळवता धाकटीच्या घरी गेले. कामाची पेटी हातातच होती. दार उघडल्यावर तिची नजर आधी पेटीवर गेली.

“हातोडी आहे ना त्यात?” तिने विचारलं.

“असते नेहमी.”

“म्हणूनच दाखवलं नाही इतकी वर्षं. तू फोडलं असतंस.”

“फोडायचंच होतं ते. बाबांनी फोडलं कसं नाही?”

ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. त्या पाऊण तासानंतर मी बाबांच्या फळीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. फळी तीच, डोकीही तीच, आणि शेवटी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं माझं. मी चेहरा बघायला ते फिरवणार होते. पण भिंतीकडे तोंड असल्यामुळे मागची बाजू माझ्यासमोर होती, आणि तिथे बाबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर होतं. प्रत्येक डोक्यामागे ते नटाचं नाव आणि तारीख लिहायचे. इथे जास्त लिहिलं होतं.

‘थोरली. चेहरा जागा राहिला. फोडू नये.’

मी ते तीनदा वाचलं. आयुष्यभर ज्या माणसाने चुकलेलं एक डोकं घरात ठेवलं नाही, त्याने माझं ठेवलं होतं. हातोडीचा तो आवाज मी मनानेच ऐकला होता. म्हणजे त्या दिवशी त्यांना कळलं होतं. प्लास्टरखाली काय चाललं होतं ते त्यांनी बघितलं होतं. तोंडाने मात्र ‘वाया गेलं’ म्हणाले. शेवटपर्यंत ‘ठीक आहे’च्या वर गेले नाहीत. मला रडू आलं. लपवायला कोपरासुद्धा नव्हता, सगळीकडे डोकीच डोकी.

“हे मला दे,” मी नाक पुसत म्हणाले.

“नाही.”

“अगं, माझं तोंड आहे ते!”

“आणि माझं पहिलं काम आहे!” धाकटीचा आवाज एकदम चढला. “माझं! चौदा वर्षांची होते मी. पाण्याचं माप मी धरलं, प्लास्टर मी कालवलं, नळ्या मी लावल्या. आणि मागे बघ काय लिहिलंय. थोरली. चेहरा थोरलीचा, फोडायचं नाही कारण ती थोरली. माझं नाव कुठंय? सव्वीस वर्षं ही फळी पुसते मी. दर वेळी उचलते आणि दर वेळी वाचते. तोंडाने मला शाबासकी देऊन मोकळे झाले, पण लिहून ठेवलं ते तुझ्याबद्दल!”

ती थांबली. भुवया जवळ आल्या होत्या. जबडा आवळला होता. ओठाचा डावा नव्हे, उजवा कोपरा खाली जात होता, आणि ती तो जाऊ देत नव्हती.

मी पेटी खाली ठेवली.

“हलू नकोस,” मी म्हणाले. “अजिबात हलू नकोस. तशीच आडवी हो. व्हॅसलीन कुठे ठेवतेस तू?”